वायफायच्या डब्याला टोपडं

माझ्या भाचीच्या बारशाला टोपडं मी वायफायच्या डब्याला घातलं होतं. झबलंही घालणार होते, पण ते त्याच्या शिंगांत अडकत होतं.

हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलेलं बरं. नाहीतर आमच्या विश्रांतवाडीच्या गल्लीत ही गोष्ट जो तो आपापल्या परीने सांगतो आणि दर वेळी डब्याच्या अंगावर एखादा दागिना वाढतो. परवा भाजीवालीपाशी एकीने मला गाठून विचारलं, “डब्याला काजळाची तीट पण लावली होती म्हणे तुम्ही?” साफ खोटं! तीट काकूंनी लावली होती. मी फक्त टोपडं.

आता मी कोण आणि काकू कोण? मी रेखा. गोंदियाकडच्या धानाच्या गावातली. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि यांच्यामागोमाग पुण्याला आले. हे मार्केट यार्डात कांद्या-बटाट्याचा टेम्पो चालवतात. आम्ही कांताकाकूंच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहतो. काकू इथल्या मूळच्या. आज जिथे सोसायट्यांच्या पाट्या आहेत तिथे त्यांचं ज्वारीचं रान होतं, आणि त्या अजूनही लोकांना पत्ता सांगताना “आमच्या बांधापासून डावीकडं” असंच सांगतात. (लोक बिचारे बांध शोधत फिरतात.)

राहायला आलो त्याच आठवड्यात काकूंनी मला वायफायचा पासवर्ड सांगितला. मी न मागता! म्हणाल्या, “घे गं. तो डबा दिसभर नुसता डोळे मिचकावत बसतो. तू वापरलं म्हणून काय झिजणार हाय व्हय?”

मला एवढं भरून आलं की मी काकूंच्या पाया पडले. मग काय वाटलं कोण जाणे, डब्यालाही नमस्कार केला. माझा स्वभावच तसा. परक्या शहरात मला सगळ्यांची भीती वाटते, आणि ज्याची भीती वाटते त्याचे मी आधीच आभार मानून ठेवते. रिक्षावाला “तिकडं नाही जात” म्हणाला तरी मी “थँक्यू दादा” म्हणते. एटीएममधून पैसे निघाले की त्या यंत्रालासुद्धा हळूच “बरं झालं हो” म्हणते.

आणि त्या डब्याचे तर खरेच उपकार होते. दुपारची कामं आटोपली की मी जिन्यात बसून व्हिडिओ उतरवून घ्यायची आणि फोन उशाला घेऊन पडायची. माझा भाऊ गजू गावाकडून तलावाचे व्हिडिओ पाठवायचा. काहीच नसायचं त्यात. पाणी, कमळाची पानं, एखादा बगळा, कडेला कुणाची तरी म्हैस. पण बघता बघता डोळे जड व्हायचे. तेवढ्यात वरून लोहगावला उतरणारं विमान घरघरत जायचं आणि मला अर्धवट झोपेत वाटायचं, त्या विमानाची सावली आता तलावावरून सरकतेय, बगळा उडालाय, म्हैस मान वर करून बघतेय. पुणं कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं ते कळायचंच नाही. जाग यायची ती दूध उतू गेल्याच्या वासाने.

तर अशा मला एक दिवस गजूचा फोन आला. आमच्या खोलीत माझ्या सिमकार्डाला रेंज नाही. वायफायसुद्धा खालच्या मजल्यावरून कसंबसं जिन्यापर्यंत येतं आणि तिथे दम लागल्यासारखं बसतं. त्यामुळे साधा फोन घ्यायचा तर गच्चीत पाण्याच्या टाकीशेजारी बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहायचं, ही माझी नेहमीची पद्धत. तशी मी उभी होते.

“बाई! पोरगी झाली! तू आत्या झाली!”

मी उडी मारली.

बादलीवर उभं राहून उडी मारू नये हे शाळेत कदाचित आठवीत शिकवत असतील. मी खाली आले, बादली तिसरीकडेच गेली आणि पाय मोडला. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, “कसं झालं हे?” मी म्हटलं, “मुलगी झाली.” त्यांनी माझ्याकडे, मग प्लास्टरकडे आणि शेवटी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, “गोंदियाला झाली.” डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही. फक्त पाय टेकवायचा नाही आणि प्रवासाचं नावही काढायचं नाही, असं बजावलं. मी आभार मानले.

मग घरी येऊन रडले. कारण बारसं! आमच्याकडे मुलीचं नाव आत्याने ठेवायचं. पाळण्यावर वाकून, कानाशी तोंड नेऊन “कुर्रर्र” करायचं आणि नाव सांगायचं. ते कानात पडेपर्यंत कुणाला फोडायचं नाही. त्याच वेळी बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. (का घालतात ते मला माहीत नाही. पण माझ्या आत्याने माझ्या वेळी खाल्ले होते, तेव्हा मलाही खायचे होते.)

यांनी मला गच्चीत खुर्चीत बसवलं आणि स्वतः बादलीवर चढून फोन मोठ्या आवाजावर धरला. गजू म्हणाला, “रडू नको बाई. पोरीच्या कानाशी फोन धरतो. तू व्हिडिओवर सांग नाव. त्यात काय आहे!”

त्यात काय आहे ते सविताने सांगितलं. सविता म्हणजे गजूची बायको. मोकळ्या मनाची आहे, पोटात काही ठेवत नाही. म्हणाली, “आणि नाहीच लागला फोन, त माझी बहीण शोभा आहेच ना. तिनं नाव काढून ठेवलं आहे.”

मी हसले. फोन ठेवला आणि ते वाक्य मला चिकटलं ते चिकटलंच. पोरगी मोठी होईल. कुणीतरी विचारेल, किती छान नाव, कुणी ठेवलं? मावशीनं. आणि आत्या? आत्या पुण्याला राहते. बस. त्या घरात माझं एवढंच उरेल, पुण्याला राहते. जसं एखाद्याबद्दल म्हणतात, तो का, तो वारला.

पायासाठी दिलेल्या गोळ्यांनी गुंगी यायची. एका दुपारी तशाच गुंगीत मला नाव सापडलं. कुणी सांगितलं म्हणावं तर कुणीच नाही, पडदा हलावा तसं ते आलं आणि उशाशी बसलं. मी ते यांनासुद्धा सांगितलं नाही. फक्त पुटपुटत राहिले. हे म्हणाले, “कुणाला शिव्या घालतेस?”

बारशाच्या दिवशी यांनी सुट्टी टाकली. अडचण एकच होती. मी पलंगावर, वायफाय जिन्यात. मला जिन्यात न्यायचं म्हणजे खुर्चीवरून उचलून न्यायला हवं. हे तयार होते, पण काकूंनी जिना पाहिला, यांना पाहिलं, मला पाहिलं आणि म्हणाल्या, “एक पाय मोडलाय तेवढा बास हाय. डबाच आणा वर.”

डब्याची वायर खांबावरून आधी गच्चीत येते आणि मग खाली काकूंच्या घरात जाते. गच्चीत तिचं जादा वेटोळंही टांगलेलं होतं. काकूंची सून प्राजक्ता कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते, तिने वायर सोडवून डबा वर आणला आणि माझ्या पलंगाशेजारी ठेवला. लावून बघितला तर काय ते चित्र! गजूच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. मागे अंगणात बायका रांगोळी घालत होत्या. कोंबडी चालली तर तिची नखं दिसत होती.

“बाई, दिसून राहिली का मी?” सविताने कॅमेऱ्यात तोंड घालून विचारलं.

“हव गं, दिसून राहिली!” पुण्यात येऊन ‘हो’ झालेला माझा ‘हव’ एकदम परत आला.

“अजून आंघोळ व्हायची आहे पोरीची. तयारी झाली की लावतो,” गजू म्हणाला आणि फोन ठेवला.

इथे सगळं थांबायला हवं होतं. डबा चालू, फोन चालू, आत्या तयार. पण काकू म्हणाल्या, “असं कोरडं बारसं अस्तंय व्हय? एका बाजूला पाळणा न् दुसऱ्या बाजूला भिंत? आपल्याकडनं पण व्हायला पायजे.”

माझ्यासाठी एवढं कोण करतं! मी आभार मानेपर्यंत काकूंनी माळ्यावरचा लाकडी पाळणा काढायला लावला, यांनी तो खोलीतल्या लोखंडी बारला टांगला, गल्लीतल्या बायका जमल्या, कुणी घुगऱ्या आणल्या, कुणी फुलांची माळ. पाळणा सजला. मधोमध मऊ गादीवर माझा फोन. फोन म्हणजेच बाळ. मी वाकून त्याच्यातच बोलायचं.

“आता गोप्या कुठाय?” एक म्हातारी म्हणाली.

गोप्या म्हणजे वरवंटा. पाट्याबरोबरचा दगडी वरवंटा न्हाऊमाखू घालून, बाळासारखा गुंडाळून पाळण्यात ठेवतात, बाळाच्या आधी त्याचा मान. काकूंचा पाटा-वरवंटा भंगारात जाऊन कैक वर्षं झाली होती. गल्लीत चौकशी केली तर सगळीकडे मिक्सर.

“मिक्सरचं भांडं ठेवू का?” प्राजक्ताने विचारलं.

“त्यापेक्षा तुझ्या सासऱ्याला झोपव पाळण्यात,” काकू म्हणाल्या. मग त्यांची नजर डब्यावर गेली. दिवे लुकलुकत होते. “आगं, ज्याच्या जिवावर बारसं, त्यालाच करा की गोप्या!”

सगळ्यांना पटलं. मला तर इतकं पटलं की डोळ्यांत पाणी आलं. खरंच, एवढे दिवस या गरीब डब्याने माझं गाव माझ्या उशाशी आणून दिलं, त्याचं कुणी कौतुक केलं होतं का? भाचीसाठी मी स्वतः शिवलेलं टोपडं पोस्टात टाकायचं राहून गेलं होतं, ते काढलं. डब्याची शिंगं खाली वळवून घातलं. वर मऊ दुपटं, दुपट्यावर काकूंनी त्यांची जुनी गोधडी गुंडाळली. (“थंडी हाय,” म्हणाल्या. मे महिना होता.) मग तीट. मग पाळण्यात फोनशेजारी निजवला. इतका गोजिरवाणा दिसत होता की एका बाईने त्याच्यावरून बोटं मोडली.

गजूचा व्हिडिओ कॉल आला. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. पलीकडे गावच्या बायका दुसराच पाळणा म्हणत होत्या, दोन्ही सूर एकमेकांत मिसळले आणि मला गोळीची गुंगी चढली. वाटलं, खोलीची भिंत हळूहळू पातळ होतेय. आता तिच्यातून अंगण दिसेल. पलीकडच्या पाळण्याची दोरी नि या पाळण्याची दोरी एकच आहे आणि ती मीच ओढतेय...

“बाई, तुझा चेहरा अटकला!” गजू ओरडला.

मी डोळे उघडले. गजूचाच चेहरा अटकला होता. एक डोळा मिटलेला, मिशी चौकोनी. मग तो चेहरा विरघळल्यासारखा झाला, आणि पडद्यावर फक्त एक गोल फिरत राहिला. तोही फार सुंदर फिरत होता. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

“अगं, गेलं नेट!” हे म्हणाले.

यांच्याकडे जगातल्या सगळ्या बिघाडांवर एकच इलाज. बंद करून चालू करणे. यांनी माझा फोन बंद करून चालू केला. नाही झालं. परत केला. मग पंखा बंद करून चालू केला.

“पंख्याचा काय संबंध?” प्राजक्ता.

“करून बघायला काय जातं?”

“बाजूला व्हा तुम्ही. रेखाताई, फ्लाइट मोड ऑन करा, मग ऑफ करा.”

मी विमानाचं चित्र दाबलं आणि त्याच क्षणी छपरावरून घर्रर्र करत खरंच एक विमान गेलं. मी ते ताबडतोब बंद केलं आणि विमान सुखरूप गेल्याचा आवाज ऐकेपर्यंत श्वास रोखून धरला. प्राजक्ता म्हणाली, “काय झालं?” म्हटलं, “काही नाही. गेलं.”

“मग आता नेटवर्कच विसरा.”

“म्हणजे? बारसं रद्द?”

“तसं नाही हो! सेटिंगमध्ये जा, आपलं वायफाय आहे ना, तिथे ‘विसरा’ म्हणून बटण आहे, ते दाबा. मग पासवर्ड नव्याने टाकू.”

मी बघितलं. वर काकूंच्या घराचं नाव आणि खाली ‘विसरा’. माझं बोट तिथे जाईना. काकू समोर उभ्या! ज्यांनी न मागता पासवर्ड दिला, त्यांच्या देखत मी विसरा म्हणून दाबायचं?

“काकू, मी खरंच विसरत नाहीये हं,” मी म्हटलं.

“तू दाब गं बाई! मी काय मेले न्हाई अजून!”

दाबलं. पासवर्ड टाकला. ‘कनेक्ट होत आहे... कनेक्ट होत आहे...’ आणि मग काहीच नाही. आता तर यादीत काकूंच्या घराचं नावच दिसेना. वाटलं, खरंच विसरलं त्याने. माझ्यामुळे काकूंचा डबा गेला. कायमचा.

तेवढ्यात ते नाव यादीत क्षणभर परत उगवलं, गजूचा कॉल आला आणि मी उचलला. चित्र नाही, फक्त आवाज. सविताची बहीण शोभा बोलत होती. “पोरगी झोपून राहिली आता. मुहूर्त चालला. मी सांगून देऊ का नाव?” पुढचं ऐकू आलं नाही. परत गोल.

मी यांचा शर्ट ओढला. “अहो, काहीतरी करा ना! ती ठेवतेय नाव!”

हे म्हणाले, “बंद करून चालू...” आणि माझं तोंड बघून गप्प झाले.

शेवटी काकूंनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. काकूंचा फोन जुना, बटणांचा. त्यांच्या सिमकार्डाला आमच्या खोलीतही खणखणीत रेंज असते. त्यांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि माझ्या हातात कोंबला. “तू बोल. तुला गोड बोलता येतंय.”

पलीकडे एक अतिशय शांत आवाजाचा माणूस होता. “नमस्कार मॅडम. मी आपली काय मदत करू शकतो?”

“नमस्कार दादा. तुमचे फार उपकार झाले.”

“...मॅडम, अजून मी काही केलेलं नाही.”

“तरी पण. दादा, वायफाय गेलंय हो.”

“राऊटरवर कोणते दिवे लागलेत ते बघून सांगाल का?”

“दिवे दिसत नाहीत.”

“म्हणजे बंद आहेत?”

“तसं नाही. टोपड्याखाली आहेत.”

“मॅडम, राऊटर उघड्या, हवेशीर जागेत ठेवलाय ना?”

“हो हो. पाळण्यात आहे.”

“...पाळण्यात.”

“हो. गोधडीत गुंडाळलाय. खाली दुपटं आहे.”

“मॅडम, घरात लहान मूल आहे का?”

“नाही. मूल गोंदियाकडे आहे.”

“मग राऊटर पाळण्यात का?”

“बारसं आहे ना आज!”

“राऊटरचं?”

तो हे इतक्या आदराने म्हणाला की मला क्षणभर ‘हो’ म्हणावंसं वाटलं. मागून काकू ओरडल्या, “त्याला म्हणावं, जेवायला ये, पण आधी दुरुस्त कर!”

“मॅडम,” तो माणूस म्हणाला, “कृपया राऊटरला हात लावून बघा. तापलाय का?”

मी गोधडीत हात घातला. भट्टी होती! “अगं बाई, फणफणलाय!”

हा शब्द ऐकताच दाराशी बसलेल्या म्हातारीने “मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवा” असं सांगितलं आणि एक बाई खरंच वाटी घेऊन आली. प्राजक्ता किंचाळली, “पाणी नको! कुणीही पाणी घालू नका!” हे वाटी ओढायला धावले. वाटी उडाली आणि पाणी सगळं माझ्या प्लास्टरवर. गोधडी सोडवायला चार हात पाळण्यात, पाळणा हिंदकळतोय, वायर ताणलीय, मी एका पायावर पाळण्याची कड धरून लोंबतेय, आणि एवढ्या सगळ्यात पाळण्यातून गजूचा आवाज आला, अगदी स्वच्छ.

“बाई! सांग! लवकर सांग!”

गोधडी जरा सैल झाल्याबरोबर डब्याने डोळा उघडला असणार. मला तेव्हा काही कळलं नाही. मला फक्त कळलं, आता. मी हातातला फोन तोंडाशी नेला, डोळे मिटले आणि सगळा जीव गोळा केला.

“कुर्रर्रर्र! केतकी!”

धप्! धप्! धपाधप्! गल्लीतल्या बायका वाटच बघत होत्या. काकूंचा हात तर ज्वारीच्या पेंढ्या बांधलेला. माझ्या डोळ्यांपुढे तारे चमकले, त्या ताऱ्यांमध्ये तलाव दिसला, तलावात कमळं. किती शांत वाटलं! झालं. मी आत्या झाले.

डोळे उघडले. हातात काकूंचा बटणांचा फोन होता.

त्यातून तो शांत आवाज म्हणाला, “मॅडम, नाव छान आहे. पण माझं नाव आधीच ठेवलेलं आहे.”

पाळण्यातला माझा फोन परत गोल फिरवत होता. प्राजक्ताने डबा उघडा करून पंख्याखाली धरला होता आणि टोपड्याने वारा घालत होती. मला रडू आलं. पाठ दुखत होती, पाय ओला झाला होता, आणि माझ्या भाचीचं नाव मी कुठल्या तरी अनोळखी बाप्याच्या कानात सांगितलं होतं. तिकडे शोभा आता पाळण्यावर वाकली असेल.

“मॅडम, रडू नका,” तो म्हणाला. “राऊटर गार व्हायला वेळ लागेल. पण एक विचारू का? आत्ता तुम्ही माझ्याशी ज्या फोनवरून बोलताय, तो चालतोय ना?”

“चालतोय की दादा. थँक्यू.”

“मग त्यावरूनच भावाला साधा फोन लावला तर?”

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी प्राजक्ताकडे. प्राजक्ताने यांच्याकडे. यांनी पंख्याकडे. सकाळपासून माळा उपसला, पाळणा टांगला, डबा नटवला, गल्ली गोळा झाली, आणि साधा फोन लावायचं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं!

“तोंड दिसलं पायजे ना म्हणून...” काकू पुटपुटल्या. त्यांना एवढ्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

गजूचा नंबर मला पाठ होता. लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

“गजू, मी! ठेवलं का रे नाव? शोभानं ठेवलं?”

“कोण ठेवू देते? सविता पाळण्याला हात लावू देऊन नाही राहिली कोणाला. म्हणते, आत्याचा फोन येईल. तिच्या बहिणीसोबत भांडण झालं तिचं. पोरगी भांडणानं उठली. थांब, कानाशी धरतो.”

मग सरसर असा आवाज आला, कपड्यावर फोन घासल्यासारखा. आणि मग श्वास. एवढासा, ओला, घाईघाईचा श्वास. व्हिडिओत तो कधीच ऐकू आला नसता. मागे कोंबडी, कुणाच्या बांगड्या, लांबून एक सायकलची घंटी. सगळं अंगण माझ्या कानात येऊन बसलं. मी जोरात कुर्र करणार होते, पण तो श्वास ऐकला आणि आवाजच मऊ झाला.

“कुर्रर्र... केतकी,” मी म्हटलं. “केतकी. मी तुझी आत्या.”

श्वास क्षणभर थांबला. मग एक शिंक आली.

“शिंकली!” गजू ओरडला. “ऐकलं तिनं! केतकी!” तिकडे बायकांचा गलका झाला, आणि त्यात शोभाचाही आवाज होता, “चांगलं आहे जी नाव, माझ्यावालं काय एवढं खास नव्हतं.” मी शोभाचेही आभार मानले. आणि मला वाटलं आता सुटले, तोच धप्! धपाधप्! खऱ्या बारशाचे धपाटे अजून बाकीच होते. काकू म्हणाल्या, “मघाचे धरायचे न्हाईत. ते त्या कंपनीवाल्याच्या नावचे.”

डबा गार झाल्यावर आपसूक चालू झाला. व्हिडिओ लागला तेव्हा इकडे आम्ही घुगऱ्या खात होतो आणि तिकडे ते पेढे खात होते, आणि कुणाला कुणाशी बोलायचं काही राहिलं नव्हतं. नुसते एकमेकांकडे बघत बसलो. केतकी झोपली होती. मीही तिच्याकडे बघता बघता झोपले, ओल्या प्लास्टरसकट. (प्लास्टर दुसऱ्या दिवशी बदलावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, “आता काय झालं?” हे म्हणाले, “नाव ठेवलं.”)

पुढच्या आठवड्यात गजूने विचारलं, “बाई, तू नाव सांगून राहिली त्याचा व्हिडिओ कोणी काढला का? पोरीसाठी ठेवला असता.” कुणी काढला असणार? सगळ्यांचे हात माझ्या पाठीत होते. मी नाही म्हणणार तेवढ्यात हे म्हणाले, “आहे की. मदत केंद्रावरचे सगळे फोन कंपनी रेकॉर्ड करून ठेवते. तुझं पहिलं कुर्रर्र तिकडे जपून ठेवलं असेल. म्हणे, नवीन लागलेल्यांना शिकवायला असले फोन ऐकवतात.”

तेव्हापासून दुपारी पडल्या पडल्या मला एकच दिसतं. कुठली तरी काचेची मोठी इमारत. नवीन नोकरीला लागलेली मुलं-मुली रांगेत बसलीयत, कानाला यंत्र लावून, मन लावून ऐकतायत. सगळं कसं थंड, शांत. आणि अचानक त्या सगळ्यांच्या कानात एकदम, “कुर्रर्रर्र! केतकी!” मागून धपाटे!

भाची मला एकच आहे. पण आत्या मी आजवर नेमकी किती जणांची झालेय, ते त्या कंपनीलाच ठाऊक!